सोसायटीच्या डीझेल एंजिनाची निगा
(नभोवाणीवरील भाषण)

आषाढांतील एक रात्र कल्पावी. बाहेर पावसाची झड लागलेली आहे आणि साडेदहाच्या सुमारास शहराच्या एका भागांतील दिवे एकाएकीं मालवतात. सात मजल्यांच्या एका इमारतींत दोन माणसें तिसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या मध्यें लिफ्टमध्यें अडकून पडलीं आहेत. सातव्या मजल्यावर एक वृद्ध गृहस्थ विजेवर चालणाऱ्या ऑक्सिजनच्या यंत्राच्या आधारानें श्वास घेत आहेत. त्यांच्या उशाशीं अडीअडचणीसाठीं ऑक्सिजनचा एक लहान सिलिंडर ठेवलेला आहे, आणि तो किती वेळ पुरेल याचा हिशेब त्यांची सून मनांतल्या मनांत करीत आहे. सर्वांचे कान खालच्या आवाराकडे लागलेले आहेत. कारण तेथें एका लोखंडी पेटाऱ्यांत सोसायटीनें लाखों रुपये खर्चून घेतलेलें डीझेलचें जनित्र, म्हणजे ज्यास सर्वजण जनरेटर म्हणतात तें, उभें आहे. पहारेकरी किल्ली फिरवितो. 'कट्' असा आवाज होतो. तो पुन्हां फिरवितो, पुन्हां 'कट्'. आणि मग नुसता पावसाचा आवाज.

दुसऱ्या दिवशीं मिस्त्री येतो. बॅटरीचीं बुरसटलेलीं टोकें खरवडतो, जुनी बॅटरी काढून नवी बसवितो, आणि एंजिन पहिल्याच झटक्यास सुरू होतें. "साहेब, एंजिनाला कांहींच झालेलें नव्हतें," असें तो सेक्रेटरींना सांगतो, व तें अक्षरशः खरें असतें. रात्रभर जो घोर लागला त्याचें मूळ लाखों रुपयांच्या यंत्रांत नव्हतें. तें कांहीं हजारांच्या बॅटरींत, आणि तिच्याकडे पाहण्यास कोणास न मिळालेल्या पांच मिनिटांत होतें.

हा प्रसंग कल्पित असला तरी त्यांत अतिशयोक्ति नाहीं. ३० व ३१ जुलै २०१२ या दोन दिवशीं उत्तर हिंदुस्थानांत विजेचें जाळें कोसळलें व सुमारें साठ कोटि लोकवस्तीच्या प्रदेशाला त्याचा फटका बसला. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं मुंबई, ठाणें व नवी मुंबई या भागांतील वीज एकाएकीं गेली; आगगाड्या जागच्या जागीं थांबल्या आणि रुग्णालयांना आपापल्या जनित्रांवर विसंबावें लागलें. अशा दिवशीं जनित्र ही चैनीची वस्तु राहत नाहीं. म्हणून त्याचे नेहमींचे आजार कोणते, ते आधीं कसे ओळखावेत व त्यांवर घरगुती पथ्य काय, हें सोसायटीच्या प्रत्येक सभासदाला थोडेंफार ठाऊक असणें इष्ट आहे.

एंजिनाचे आजार समजण्यास आधीं एंजिनाची प्रकृति समजली पाहिजे. रुडॉल्फ डीझेल या जर्मन एंजिनियरचा जन्म १८५८ सालीं पॅरिस येथें झाला. त्या काळचीं वाफेचीं एंजिनें कोळशांतील उष्णतेचा अगदीं थोडा अंश कामास लावीत व बाकीची वायां घालवीत. ही उधळपट्टी डीझेलच्या मनास लागून राहिली होती. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाची नळी हातास गरम लागते, हें प्रत्येक मुलाला माहीत असतें. हवा झपाट्यानें दाबली म्हणजे तापते, हा तो सृष्टिनियम. ती पुरेशी दाबली तर इतकी तापेल कीं, तींत तेल फवारतांच तें ठिणगीवांचून पेट घेईल, ही डीझेलची मूळ कल्पना. १८९३ च्या ऑगस्ट महिन्यांत ऑग्सबर्ग येथें पहिल्या प्रयोगाच्या वेळीं दाब नोंदविणारें उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले व डीझेल थोडक्यांत बचावला; परंतु त्याची कल्पना खरी आहे एवढें त्या स्फोटानेंच सिद्ध झालें. पुढें १७ फेब्रुवारी १८९७ रोजीं म्युनिकचे प्रोफेसर मॉरिट्झ श्रोटर यांनीं त्याच्या सुधारलेल्या एंजिनाची रीतसर परीक्षा घेतली, तेव्हां तेलांतील उष्णतेपैकीं २६.२ टक्के उष्णतेचें कामांत रूपांतर होतें असें आढळून आलें. त्या काळच्या कोणत्याही वाफेच्या एंजिनाला हें साधलेलें नव्हतें.

आजच्या डीझेल एंजिनांतही तत्त्व तेंच आहे. पिस्टन आपल्या नळकांड्यांतील हवा मूळ आकारमानाच्या सुमारें पंधराव्या ते विसाव्या हिश्शाइतकी दाबतो व ती ५०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापते. नेमक्या त्या क्षणीं नोझलमधून डीझेलचा अतिसूक्ष्म तुषार आंत येतो आणि पेटतो. पेट्रोलच्या एंजिनांत असतो तसा ठिणगी पाडणारा प्लग येथें नाहीं. या एका गोष्टीवरून बाकीच्या सर्व गोष्टी ओघानेंच येतात. हवा स्वच्छ व भरपूर पाहिजे, आणि दाबली जात असतांना ती कोठूनही निसटतां कामा नये. इंधन स्वच्छ पाहिजे, व तें ठराविक क्षणीं, ठराविक मापानें, तुषाररूपानेंच आलें पाहिजे. घासणाऱ्या भागांना वंगण हवें, तापणाऱ्या भागांना थंडावा हवा, आणि हें सर्व सुरू करून देण्यास बॅटरीचा पहिला धक्का हवा. हवा, इंधन, वंगण, थंडावा व पहिला धक्का या पांच गोष्टी ज्याला बिनचूक मिळतात तें एंजिन सहसा दगा देत नाहीं. बिघाडांचीं नांवें पुष्कळ असलीं तरी त्यांचीं कुळें बहुधा एवढींच.

आतां सोसायटीच्या एंजिनाचा विशेष पाहावा. मालमोटारीचें एंजिन व जनित्राचें एंजिन एकाच जातीचीं असलीं तरी त्यांच्या आयुष्यक्रमांत मोठें अंतर आहे. मालमोटार रोज धांवते. तिच्या आवाजांत तिळभर फरक पडला तरी ड्रायव्हरच्या कानाला तो तत्काळ कळतो. सोसायटीचें एंजिन वर्षांतील बहुतेक दिवस निजलेलें असतें, आणि ज्या क्षणीं हांक येईल त्या क्षणीं त्यानें दहा-पंधरा सेकंदांत उठून पूर्ण भार उचलावा अशी अपेक्षा असते. कामानें झिजून निकामी होण्याची पाळी त्याच्यावर क्वचितच येते. तें निकामी होतें तें बसून बसून. त्यामुळें त्याची निगा म्हणजे झीज भरून काढणें नव्हे. त्याच्या निजेंत जें बिघडत जातें तें वेळच्या वेळीं पाहणें होय.

निजेंत सर्वांत आधीं बिघडते ती बॅटरी. वापरली नाहीं तरी ती आपली आपण हळूहळू उतरत जाते. येथें पुष्कळांची एक फसगत होते. पेटाऱ्यावरील लहान दिवे लागलेले दिसतात, म्हणून बॅटरी ठीक आहे असें समजलें जातें. परंतु लहान दिव्यास नाममात्र प्रवाह पुरतो, तर एंजिनाला पहिला गरका देणाऱ्या मोटारीला शेंकडों अँपियर लागतात. दिवे लावणारी बॅटरी एंजिन फिरवीलच असें नाहीं. किल्ली फिरवितांच नुसतें 'कट्' होणें व दिवे मंदावणें हें बॅटरी उतरल्याचें किंवा तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार चढल्याचें लक्षण समजावें. बारा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतींत असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ च्या आसपास आली कीं ती अर्धी रिकामी झाली असें धरावें. टोकें स्वच्छ व घट्ट ठेवावींत, पाणी घालावयाची जात असेल तर ऊर्ध्वपातित पाणीच घालावें, आणि तिला सतत भरीत राहणारा चार्जर खरोखर चालू आहे कीं नाहीं हें पाहावें. तीन-चार वर्षांनीं, ती अजून चालते आहे असें वाटत असतांनाच, ती बदलणें हें शहाणपणाचें आहे. उन्हाळ्यांत विहीर खोल करतात. तहान लागल्यावर कोणी खणावयास बसत नाहीं.

बॅटरीनंतर इंधनाची पाळी. डीझेल टाकींत भरून ठेवलें म्हणजे तें तसेंच राहील अशी समजूत असते, पण तें नाशवंत आहे. चांगल्या स्थितींत ठेवलेलें डीझेल साधारणपणें सहा महिने ते एक वर्ष टिकतें. पुढें त्यांत डिंकासारखा चिकट पदार्थ धरूं लागतो. त्याहून मोठा शत्रु पाणी. टाकी अर्धी रिकामी असली म्हणजे वरच्या पोकळींत दमट हवा शिरते. रात्रीं गारवा आला कीं त्या हवेंतील ओलावा टाकीच्या आंतल्या अंगास थेंब होऊन चिकटतो व खालीं ओघळतो. पाणी डीझेलहून जड असल्यामुळें तें तळाशीं साचतें, आणि पावसाळ्याचे चार महिने असे गेले म्हणजे थेंबांचें तळें होण्यास वेळ लागत नाहीं. पाणी व डीझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतु व बुरशी वाढतात, व त्यांचा काळसर बुळबुळीत थर फिल्टरमध्यें जाऊन बसतो. एंजिन सुरू होऊन दोन-तीन मिनिटांनीं घुटमळत बंद पडलें तर पुष्कळदां हेंच कारण निघतें.

पाण्याला एवढें भ्यावयाचें कारण नोझल व पंप यांची रचना होय. त्यांतील एकमेकांत सरकणाऱ्या भागांमधील फट एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट, एवढीच असते. माणसाचा केस याहून वीस-पंचवीस पट जाड. अशा फटींत पाण्यानें गंज धरला किंवा धुळीचा कण अडकला कीं तुषाराच्या ऐवजीं धार लागते, आणि धार नीट जळत नाहीं. उपाय सोपे आहेत. टाकी शक्य तों भरलेली ठेवावी. फिल्टरपाशीं पाणी वेगळें करणारी वाटी असते. तिची खालची चावी आठवड्यांतून एकदां थोडी उघडून पाणी काढावें, व स्वच्छ डीझेल येऊं लागलें म्हणजे बंद करावी. फिल्टर ठराविक मुदतींत, एंजिन फारसें चाललें नसलें तरीही, बदलावा. डब्यांतून डीझेल ओततांना गाळणी वापरावी. फडक्याचे धागेही नोझलचे वैरी आहेत.

टाकी पार कोरडी पडूं देणें हा आणखी एक प्रमाद. मग नळ्यांत हवा शिरते आणि मिस्त्री म्हणतो, "एअर धरली." हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाहीं. म्हणून पंपानें कितीही जोर केला तरी तो नळींतील बुडबुड्यालाच लहान-मोठा करीत बसतो व नोझलपर्यंत तेल पोंचत नाहीं. जुन्या पद्धतीच्या एंजिनांत फिल्टरच्या माथ्यावरील स्क्रू सैल करून हातपंप दाबीत राहतात; आधीं फेंस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटीं स्वच्छ सलग धार लागली कीं स्क्रू आवळतात. नव्या एंजिनांत इंधनाचा दाब व वेळ विजेच्या उपकरणांनीं साधलेली असते आणि नळ्यांतील दाब प्रचंड असतो. तेथें कोणतीही नळी सैल करण्याचें धाडस घरच्या माणसानें करूं नये.

एंजिन सुरू झाल्यावर त्याची प्रकृति सांगणारा मुख्य साक्षीदार म्हणजे धूर. निरोगी एंजिनाचा धूर भार घेतल्यावर जवळजवळ दिसेनासा होतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानानें इंधन अधिक झालें: हवेचा फिल्टर धुळीनें भरला असेल, भार पेलण्यापलीकडे गेला असेल, किंवा नोझल तुषाराऐवजीं धार सोडीत असेल. निळा धूर म्हणजे वंगणाचें तेल जळत आहे; पिस्टनच्या कड्या झिजल्या असाव्यात किंवा तेल दुसऱ्या कांहीं वाटेनें नळकांड्यांत शिरत असावें. पांढरा धूर सुरू करतांना क्षणभर येणें स्वाभाविक आहे, कारण थंड एंजिनांत कांहीं डीझेल न जळतां वाफ होऊन बाहेर पडतें. पण एंजिन तापल्यावरही तो राहिला तर हवा पुरेशी दाबली जात नाहीं किंवा तेल उशिरां फवारलें जात आहे असें समजावें. आणि त्याबरोबर रेडिएटरमधील पाणीही घटत असेल तर तें पाणी नळकांड्यांत शिरत आहे अशी शंका घ्यावी. हा भेद न ओळखल्यास आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं अशी गत होते. दोनशें-पांचशें रुपयांचा हवेचा फिल्टर चोंदलेला असतो आणि पंप उतरवून दुरुस्तीस धाडला जातो.

वंगणाच्या तेलाविषयीं दोन गैरसमज आहेत. पहिला असा कीं, तेल काळें झालें म्हणजे खराब झालें. डीझेल एंजिनांत काजळी होतेच, आणि ती अंगावर घेऊन तरंगत ठेवणें हें त्या तेलाचें कामच आहे. म्हणून थोड्याच तासांत तें काळें होतें. दुसरा गैरसमज असा कीं, तेल कमी झालें तरच काळजी. वस्तुतः मोजकाठीवर तेलाची पातळी वाढलेली दिसणें हें अधिक भयसूचक आहे. वाढलेलें तेल पातळ असून त्यास डीझेलचा वास येत असेल तर इंधन त्यांत उतरत आहे; तें दुधाळ, ताकासारखें दिसत असेल तर त्यांत पाणी मिसळलें आहे. दोन्ही प्रसंगीं एंजिन चालवूं नये व मिस्त्रीस बोलवावें. तेल बदलण्याची मुदत एंजिनाबरोबरच्या पुस्तिकेंत तासांत दिलेली असते. अनेक जनित्रांच्या बाबतींत ती अडीचशें ते पांचशें तासांच्या दरम्यान असते. पण त्याबरोबरच 'किंवा बारा महिने' असेंही म्हटलेलें असतें, आणि सोसायटीला लागू पडतें तें हेंच दुसरें कलम. एंजिन वर्षांत वीस तास चाललें तरी तेल वर्षाचें झालेंच. त्यांत उतरलेला ओलावा व आम्ल आंतील धातूस बसल्या जागीं खात असतात.

थंडाव्याची गोष्ट अशीच. रेडिएटरमध्यें नळाचें किंवा बोअरचें पाणी भरणें ही काटकसर महागांत पडते. जड पाण्याचा क्षार आंत थर धरतो, आणि स्वयंपाकघरांतील पाणी तापविण्याच्या भांड्यास बसतो तसाच तो एंजिनाच्या पोटांत बसून उष्णतेची वाट अडवितो. म्हणून पुस्तिकेंत सांगितलेला शीतक द्रवच घालावा. त्यांतील औषधें गंजही टाळतात. पंख्याचा पट्टा सैल झाला आहे कीं काय, त्यास चिरा पडल्या आहेत कीं काय, रेडिएटरच्या जाळींत धूळ, पानें व कबुतरांचीं पिसें अडकलीं आहेत कीं काय, हें डोळ्यांनींच दिसतें. एंजिन तापलेलें असतां मात्र रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये. आंतील द्रव दाबाखालीं असतो. झांकण फिरवितांच तो उसळून तोंड-हात भाजल्याचे प्रसंग नवे नाहींत.

आतां एका अशा आजाराकडे वळावें कीं जो अतिविश्रांति व अतिकाळजी यांतून उद्भवतो. पुष्कळ सोसायट्या पुढेंमागें लागेल म्हणून गरजेच्या दुप्पट-तिप्पट शक्तीचें जनित्र घेतात, आणि मग त्यावर एक लिफ्ट, एक पंप व जिन्यांतील दिवे एवढाच भार टाकतात. नाकापेक्षां मोती जड अशांतला हा प्रकार. हलक्या भारावर एंजिन पुरतें तापत नाहीं. पुरतें न तापल्यामुळें इंधन पुरतें जळत नाहीं. न जळलेलें इंधन व काजळी मिळून एक चिकट काळा पदार्थ होतो व तो नोझलवर, झडपांवर आणि धुराच्या नळींत सांचतो. नळीच्या सांध्यांतून काळें ओघळ आलेलें दिसलें कीं हा आजार ओळखावा. हलक्या भारावर वर्षानुवर्षें चालविलेलें एंजिन ऐन वेळीं पूर्ण भार उचलूं शकत नाहीं. म्हणून जनित्रावर निदान तीस टक्के भार असावा असा दंडक आहे. अमेरिकेंतील अग्निसुरक्षेची जी नियमावली आहे, तींत आणीबाणीचीं डीझेल जनित्रें महिन्यांतून एकदां तीस मिनिटें, निदान तीस टक्के भारावर चालवून पाहावींत असें सांगितलेलें आहे.

या नियमांत निगेचें सारें सार आलेलें आहे. पुष्कळ ठिकाणीं पहारेकरी दर रविवारीं पांच मिनिटें एंजिन रिकामें चालवितो व 'चालू आहे' असा शेरा मारतो. ही परीक्षा नव्हे. विद्यार्थ्यानें वर्गांत हजेरी दिली म्हणजे तो उत्तीर्ण झाला असें होत नाहीं. त्याला गणित घालावें लागतें. महिन्यांतून एकदां, सभासदांना आधीं सूचना देऊन, दिवसाउजेडीं मुख्य वीज जनित्राच्या स्विचवर घ्यावी, लिफ्ट व पंप दोन्ही चालवावेत, आणि अर्धा तास पुरा होऊं द्यावा. सुरू केल्यावर लगेच पूर्ण भार टाकण्याची घाई परीक्षेच्या दिवशीं करूं नये. वंगण सर्वत्र पोंचण्यास मिनिट-दोन मिनिटें द्यावींत. बंद करण्यापूर्वीं भार काढून तीन ते पांच मिनिटें तसेंच चालूं द्यावें, म्हणजे आंतील तापलेले भाग सावकाश निवतात. या अर्ध्या तासांत बॅटरी, इंधन, हवा, वंगण व थंडावा या पांचांचीही साक्ष होते.

परीक्षेची नोंद वहींत झाली पाहिजे. तारीख, तासांच्या घड्याळाचा आंकडा, तेलाची पातळी, तेलाचा दाब, पाण्याची उष्णता, बॅटरीचे व्होल्ट व धुराचा रंग, एवढे सात रकाने पुरेत. एकट्या आंकड्याला फारसा अर्थ नसतो. अर्थ असतो तो बदलाला. मागील महिन्यापर्यंत तेलाचा दाब जेथें असे त्याहून या महिन्यांत तो खालीं आला, किंवा पाणी नेहमींपेक्षां आठ-दहा अंशांनीं अधिक तापलें, कीं वही आधींच सांगते. वही नसेल तर तेंच एंजिन सांगतें, पण रात्रीं साडेदहा वाजतां.

जागेचाही विचार केला पाहिजे, कारण उत्तम निगा राखलेलें एंजिन जागा चुकल्यामुळें व्यर्थ झाल्याचे दाखले आहेत. ११ मार्च २०११ रोजीं जपानांत मोठा भूकंप झाला, तेव्हां फुकुशिमा दाइ-इची येथील अणुवीज केंद्रांतील डीझेल जनित्रें कर्तव्यास जागून सुरू झालीं. परंतु सुमारें पाऊण तासानें समुद्राची लाट आली, सखल भागांतील जनित्रें बुडालीं, आणि पुढें जो अनर्थ झाला तो जगास माहीत आहे. तेथेंच सहाव्या विभागाचें हवेनें थंड होणारें एक जनित्र उंचावर असल्यामुळें वांचलें, व त्याच्या आधारानें पांचवा व सहावा हे दोन विभाग सुरक्षित राहिले. पुढच्याच वर्षीं, २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्रीं, न्यूयॉर्क शहरावर वादळ आलें. तेथील बेलव्ह्यू रुग्णालयाचीं जनित्रें तेराव्या मजल्यावर सुरक्षित होतीं, पण त्यांना इंधन चढविणारे पंप तळघरांत होते. तळघरांत पाणी शिरलें आणि पंप थांबले. मग सैनिक व रुग्णालयाचे लोक यांनीं जिन्यावर रांग करून इंधनाचे डबे हातोहात तेरा मजले चढविले. एंजिन ठीक होतें. त्याचा घांस त्याच्या तोंडापर्यंत पोंचत नव्हता. २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनीं मुंबईंत पाहिला आहे त्यांना तळघरांत ठेवलेल्या जनित्राविषयीं अधिक सांगण्याची गरज नाहीं.

याबरोबरच धुराच्या नळीचें तोंड उंच व खिडक्यांपासून दूर असावें, आणि बंदिस्त जागेंत एंजिन कधींही चालवूं नये. त्या धुरांत असणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायु डोळ्यांस दिसत नाहीं व नाकास कळत नाहीं. शिवाय डीझेलचा धूर माणसास कर्करोग करणारा आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिलेला आहे. तशीच दुसरी सूचना: नोझलची तपासणी चालू असतां त्याच्या तुषाराखालीं हात धरूं नये. तो तुषार इतक्या दाबानें येतो कीं, तो कातडी भेदून आंत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण तशा माणसास विलंब न करतां रुग्णालयांत न्यावें लागतें.

सोसायटीच्या वार्षिक सभेंत इमारतीच्या रंगावर तासभर वाद होतो व जनित्राच्या खर्चाचें कलम वाचतां वाचतांच मंजूर होतें. पुढच्या सभेंत सभासदांनीं तीन प्रश्न अवश्य विचारावेत. जनित्र पूर्ण भारावर शेवटचें केव्हां चालविलें? त्याची बॅटरी कोणत्या वर्षींची आहे? आणि टाकींतलें डीझेल किती महिन्यांचें आहे? उत्तरांसाठीं वही पुढें आली तर चिंता नाहीं. चिटणीस व पहारेकरी एकमेकांकडे पाहूं लागले तर त्याच आठवड्यांत मिस्त्रीस बोलवावें.

सातव्या मजल्यावरील त्या घरानेंही आपल्यापुरती एक गोष्ट करावी. जनित्र कितीही विश्वासाचें असलें तरी तें शेवटीं यंत्र आहे. म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे कीं नाहीं व तो डॉक्टरांनीं सांगितलेल्या मापानें किती तास पुरतो, हें कागदावर लिहून उशाशीं लावून ठेवावें, आणि त्या घरांत असा रुग्ण आहे हें पहारेकऱ्यास व सेक्रेटरींस सांगून ठेवावें. मग खालीं किल्ली फिरविणाऱ्या माणसाला आपण कोणासाठीं किल्ली फिरवितों हें कळेल, आणि दर महिन्याचा तो अर्धा तास त्याला जड वाटणार नाहीं.